मणक्यातला टीबी आणि समोरची खिडकी

हे मी खुर्चीवर बसून लिहिते आहे. ज्याला मणक्याचा टीबी झाला आहे, त्याला हे वाक्य पुरेल. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

मला कुणाला धीर द्यायचा नाही. आजारी माणसाला धीर देणारे पुष्कळ भेटतात, खरं सांगणारे कमी. माझ्यासारखं कुणी आत्ता छताकडे बघत पडलं असेल, तर त्याला निदान पुढे काय काय होऊ शकतं ते कळावं, एवढ्यासाठी हा लेख. यात औषधांची नावं नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. यात एका चित्रपटाबद्दल मात्र बरंच आहे, कारण त्या दिवसांत औषधाखालोखाल मला त्याचाच उपयोग झाला, आणि थोडा अपायही.

निदान

आम्ही संगमनेरला राहतो. पप्पा आयुष्यभर एका छापखान्यात मशीनवर होते आणि मी त्याच छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वाया गेलेल्या छपाईच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. हुंडाबंदी, पाणीप्रश्न, बुवाबाजी, आरक्षण, पुन्हा पाणीप्रश्न. जेवायला बसताना खाली अंथरलेला कागद कुणाचा तरी निषेध करत असायचा. माणूस अशा घरात वाढला की त्याचा एक समज होतो: खरं काय ते मोठ्या अक्षरांत छापलं की अर्धं काम झालं.

पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी खुर्चीला दोष दिला. तेल झालं, शेक झाला, फरशीवर झोपून झालं. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तिचा पाठीशी संबंध आहे असं कुणालाच वाटलं नाही. मग डाव्या पायातली चप्पल रस्त्यात सुटायला लागली. ती मागे राहायची आणि मला ते पुढे गेल्यावर कळायचं. तेव्हा पप्पा घाबरले.

एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "मणक्याला टीबी झालाय."

पप्पा म्हणाले, "पण ही खोकत तर नाही."

"फुप्फुसात नाहीच तो. हाडात आहे. हिच्यापासून कुणाला होणार नाही. गोळ्या पूर्ण घ्यायच्या आणि आडवं पडून राहायचं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मोजत बसू नका. मोजणारे कंटाळतात आणि गोळ्या सोडतात."

मला रडू आलं नाही. काही महिन्यांपूर्वीच मी टीबीचं एक पत्रक जुळवलं होतं. त्यातलं 'आजार लपवू नका' हे वाक्य मी स्वतःच्या अधिकारात ठळक केलं होतं. ते आठवून हसू मात्र आलं.

परतताना रिक्षात मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होते.  आई म्हणाली, "गॅप हाय म्हनायचं."

"काय?"

"मनक्यात गॅप. कुनी इचारलं तर. शेवंताच्या जावयाला हाय गॅप. कुनी काय म्हनलं का त्याला?"

"आई, मला टीबी आहे आणि तो पसरत नाही. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं."

"डॉक्टर काय गल्लीत ऱ्हायला येनार हाय का?"

आई कॉलेजच्या मुलांचे डबे करते. खोल्या घेऊन राहणारी मुलं असतात, बाहेरगावची. आधीच काही जण डबा लावताना आडनाव विचारतात आणि ते ऐकल्यावर 'कळवतो' म्हणून जातात. टीबीवालीच्या घरचा डबा कोण खाणार, हा तिचा प्रश्न होता. मी त्यावर वाद घातला नाही. तिचं म्हणणं चुकीचं होतं, पण तिची भीती खरी होती.

आडवं पडणं

दवाखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. पहाटे लाइट लागायचा, फरशी पुसणारी बाई कॉटखालून पोछा घालताना कॉटला धक्का द्यायची, आणि पाठीत कळ उठायची. बेडपॅन मागायला सुरुवातीला लाज वाटते. मग वाटत नाही. नव्या रुग्णाला माझा एवढाच सल्ला: लाज लवकर सोडा, नाहीतर पाणी कमी प्याल आणि वेगळंच दुखणं काढाल.

घरी आल्यावर पप्पांनी पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट लावली. वारा येतो म्हणून. पाठीला कडक पट्टा. कुशीवर वळायचं तर सगळं अंग एकदम, ओंडका वळवावा तसं, आणि तेही कुणी धरल्यावर. पट्ट्याखाली घाम येतो आणि खाज सुटते. पप्पांनी छापखान्यातली एक लांब लाकडी पट्टी घासून गुळगुळीत करून आणली, खाजवायला. त्या दिवसांतलं सर्वांत मोठं सुख तेच.

एकदा जेवताना माझ्या ताटाच्या तळाला बोट लागलं. खडबडीत काहीतरी. उलटं करून बघितलं तर नेलपॉलिशचा लाल ठिपका. वाटीलाही. पेल्यालाही.

"हे काय आहे?"

आई म्हणाली, "खूण."

"मणक्यातला टीबी ताटात कसा उतरेल?"

"मला कळतंय. पन घरात डबे भरती मी. उद्या कुनी म्हनलं तर माझ्याकडं उत्तर पायजे."

माझं ताट ती सगळ्यात शेवटी घासायची, वरून कढत पाणी ओतायची आणि इतर भांड्यांपासून लांब, मागच्या दारातून मला दिसणाऱ्या कट्ट्यावर पालथं घालायची. माझ्यावर तिचा जीव होता आणि माझ्या ताटाला ती हात जपून लावायची. दोन्ही एकाच बाईत होतं. मी ते नुसतं बघितलं. पडून असलेल्या माणसाला दुसरं काही करताही येत नाही.

चित्रपट

माझी मैत्रीण रुबीना ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. एका दुपारी ती मोबाईलमध्ये एक जुना इंग्रजी चित्रपट घेऊन आली. "हा घे. तुझीच गोष्ट आहे," म्हणाली.

गोष्ट अशी. एक धडधाकट, फिरस्ता माणूस जायबंदी होऊन घरात अडकून पडलाय. करायला काही नाही, म्हणून तो खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडांकडे बघत बसतो. एकटी बाई, नवं जोडपं, भांडणारं जोडपं. मग त्या भांडणाऱ्यांतली बायको दिसेनाशी होते आणि याच्या मनात संशय शिरतो.

पहिल्या वेळी मला राग आला. लोकांच्या घरात डोकावणाऱ्या सुखवस्तू माणसाला नायक करायचं कशासाठी? तिथले शेजारी एकमेकांची नावंसुद्धा विचारत नाहीत आणि हा त्यांचा तमाशा बघतो. मी रुबीनाला तसं ऐकवलं. ती म्हणाली, "पत्रक झालं का? आता पिक्चर बघ."

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मला तो कळायला लागला. कॅमेरा त्या खोलीतून जवळजवळ हलतच नाही. त्या माणसाला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. पडदा ओढला गेला की त्याच्यासाठी ओढला जातो आणि आपल्यासाठीही. चालती माणसं हे बघून म्हणत असतील, काय कल्पना आहे. मला ती कल्पना वाटलीच नाही. माझं जग तेवढंच होतं: चौकट, गज, आणि त्यापलीकडचं अर्धंमुर्धं. लांबून आवाज येतात आणि ओठ दिसत नाहीत, किंवा ओठ दिसतात आणि आवाज येत नाही. मधली जागा बघणारा स्वतःच्या मनाने भरतो. सगळा थरार त्या भरण्यात आहे. दिग्दर्शकाने रक्ताचा थेंब न दाखवता माझ्याच डोक्याला कामाला लावलं, आणि मी मुकाट्याने राबले.

आणि एक जागा. ज्याच्यावर इतका वेळ नजर ठेवली, तो माणूस वळून थेट खिडकीकडे बघतो. म्हणजे माझ्याकडे. मी मोबाईल पालथा घातला होता.

समोरचं घर

आमच्या गल्लीची रुंदी रिक्षा जेमतेम जाईल एवढी. समोर मंगलकाकूंचं घर. काकू, त्यांचा दूध डेअरीत कामाला जाणारा मुलगा आणि त्याची बायको, स्वातीवहिनी. वहिनी लग्न होऊन जामखेडकडून आलेली. बोलायला कमी, पण सकाळी ओटा धुताना स्वतःशी गुणगुणायची.

ती दिसेनाशी झाली.

आधी वाटलं, चार दिवस पाहुणी गेली असेल. काकू स्वतःच ओटा धुवायला लागल्या, कमरेवर हात ठेवून, मध्ये थांबत. आईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माहेरी गेली. तिच्या आईला बरं न्हाई." पण वहिनीच्या रोजच्या चपला दाराशीच होत्या. आतल्या खोलीची गल्लीकडची खिडकी कायम बंद आणि तिला आतून पडदा. एकदा मुलाचा आवाज आला, "किती वेळा सांगायचं तुला?" समोरून कुणाचंच उत्तर आलं नाही.

मी रुबीनाला सांगितलं. ती म्हणाली, "पिक्चरमध्ये बायको गायब होते, मग तुलाही बायकोच गायब दिसणार. उद्या तुला भुताचा सिनेमा देते."

"चपला इथे आहेत आणि ती माहेरी आहे? अनवाणी गेली जामखेडला?"

"नव्या घेतल्या असतील की."

"तू महिलांच्या हेल्पलाइनला फोन कर. माझं नाव सांग."

रुबीना म्हणाली, "आणि काय सांगू? आमची एक मैत्रीण पडून आहे, तिला चपला दिसतात?"

मी चिडले. हुंड्याची, जाळलेल्या सुनांची किती पत्रकं मी वाचली होती. त्या प्रत्येकात शेजाऱ्यांना काहीतरी दिसलेलं असतं आणि ते गप्प राहिलेले असतात. मला तसली शेजारीण व्हायचं नव्हतं. वहिनी जिवंत आहे का, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात दिवसभर असायचा.

त्याचं उत्तर मला एका ताटाने दिलं. काकूंनी भांडी घासली आणि ओट्यावर वाळत घातली. मग आत जाऊन एकच ताट, वाटी, पेला घेऊन आल्या. ते वेगळं घासलं. वरून कढत पाणी ओतलं, वाफ आली. आणि ते इतर भांड्यांपासून लांब, कडेच्या भिंतीवर पालथं घातलं.

ते ताट कशाचं आहे हे कळायला मला तळाचा ठिपका बघावा लागला नाही. आमच्या गल्लीत एखाद्याचं ताट असं लांब पालथं पडलं की त्याला एकच अर्थ असतो. वहिनी घरातच होती. तिला माझाच आजार होता, आणि बहुतेक छातीतला, कारण मन लावून ऐकल्यावर बंद खिडकीतून खोकलाही ऐकू आला.

म्हणजे खून नव्हता. मला हायसं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, किंचित निराशाही झाली. त्या निराशेची मला किळस आली. तो चित्रपट इथे आपल्याला फसवतो असं मला वाटतं. बघणाऱ्याचा संशय तो खरा ठरवतो आणि मग त्याच्या बघण्याला शाबासकी मिळते. प्रत्यक्षात बहुतेक खिडक्यांत गुन्हा नसतो. घाबरलेली माणसं असतात.

पण माझी काळजी संपली नाही, फक्त बदलली. काही दिवसांनी ते ताट भरलेलंच बाहेर यायला लागलं. काकू भाकरी कुत्र्याला टाकायच्या. वहिनी जेवत नव्हती. मग गोळ्या तरी घेत होती का? एक दिवस आमच्या भागातल्या, टीबीच्या रुग्णांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आशाताई काकूंच्या दारात गेल्या. काकूंनी दार अर्धंच उघडलं. "सून माहेरी गेली. आल्यावर बघू." आशाताई उन्हात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि वळून आमच्याकडे आल्या.

त्यांनी माझी चौकशी केली, गोळ्या बघितल्या. माझ्या जिभेवर ते वाक्य होतं: ती घरातच आहे. ते मी बोलले असते तर आशाताई परत गेल्या असत्या, काकूंना कळलं असतं कुणी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला. वहिनीचा आजार मला खिडकीतून सापडला होता. तो मी सांगायचा नव्हता. मी गप्प बसले आणि ते गप्प बसणं मला अजिबात आवडलं नाही.

आशाताई गेल्या. समोर ओट्यावर काकू उभ्याच होत्या.

"काय गं प्रज्ञा," त्या तिथूनच म्हणाल्या, "ही बाई तुझ्याकडं कशाला येती सारखी? गॅपला कुठं आशाताई लागती?"

आई आत कणीक मळत होती. मळण्याचा आवाज थांबला.

मी म्हणाले, "गॅप नाहीये काकू. टीबी आहे मला, मणक्याचा. गोळ्या चालू आहेत. पायाला आता चांगलं कळायला लागलंय."

पडून बोलताना आवाजाचा अंदाज येत नाही. तो बहुतेक गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पिठाच्या गिरणीसमोर उभ्या बायका वळल्या. काकू मागे सरकतील, पदर नाकाला लावतील असं मला वाटलं होतं. त्या उलट ओट्याच्या कडेला आल्या.

"हळू बोल की गं," म्हणाल्या. आणि त्यांनी मान वळवून बंद खिडकीकडे बघितलं.

डबे

आई माझ्याशी बोलायची थांबली. ताट आणून ठेवायची, मला कुशीवर वळवायची, पट्टा बांधायची, सगळं न बोलता. दुसऱ्याच दिवशी मुलांचे निरोप यायला लागले. काकू, उद्यापासून डबा नको. काकू, मी गावी चाललोय. काकू, मेस लावली. रिकामे डबे घासून तिने फळीवर ओळीने मांडले आणि ओळ माझ्या कॉटवरून दिसेल अशी मांडली.

पप्पा मध्ये पडले. "अगं, ती खरं तेच बोलली."

"मग छापा आता," आई म्हणाली. "छापा आन वाटा. बाप मशीनवर बसंल, लेक मजकूर देईल. भाकरी कोन थापनार ते बी छापा."

  मी केलं ते बरोबर होतं असं मला वाटत होतं, आजही वाटतं. पण त्याचं मोल आईच्या हातातून गेलं होतं, माझ्या नाही. तत्त्व पाळणाऱ्याने हे बघायला हवं. पत्रकात यासाठी जागा ठेवलेली नसते.

एक मुलगा मात्र आला, पुणतांब्याचा, रोज भाजीला नावं ठेवणारा. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, माझ्या चुलत्याला झाला होता. बरा झाला. माझा डबा चालू ठेवा, फक्त दोडका नको." आईने त्याला मुद्दाम दोडका दिला. पण त्या दिवशी ती मला पट्टा बांधताना "घट्ट झाला का?" एवढं बोलली.

दुपार

त्यानंतरची एक दुपार. गल्लीत कुणी नव्हतं. पप्पा कामावर. आई दारापाशी बसून लसूण सोलत होती. मी डोळे मिटून पडले होते.

कडी निघाल्याचा आवाज आला. मी बघितलं. समोरच्या आतल्या खोलीची खिडकी उघडली होती, हातभर. पडदा एका बाजूला झाला. आत स्वातीवहिनी उभी होती, तोंडावर ओढणी बांधून. डोळे खोल गेलेले. ती थेट माझ्याकडे बघत होती.

मी इतके दिवस त्या खिडकीवर नजर ठेवली होती आणि आता मला तिच्याकडे बघवेना. मी हात वर केला. नमस्कार, हाक, काय होतं ते मलाही सांगता येणार नाही.

तिने आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, एक इचारू का?"

"विचारा ना."

तिने आईकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "त्या गोळ्या घेतल्यावर... तुमाला लघवी लाल हुती का?"

 मला पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी आशाताईंना विचारलं होतं आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, गोळीचा रंग आहे, काळजी करू नका. दहा शब्दांत विषय संपला होता. समोर मात्र विचारायला कुणीच नव्हतं. माहेरी गेलेल्या सुनेला गोळ्या कोण समजावून सांगणार?

"मला वाटलं रगत जातंय," वहिनी म्हणत होती. "ह्यांना कसं सांगायचं? आत्यांना तरी कसं? मी गोळ्या बंद केल्या. टाकून देती मोरीत. आत्यांना वाटतं घेती."

मी तोंड उघडणार, एवढ्यात दारातून आईचा आवाज आला. चांगला मोठा, गिरणीपर्यंत जाईल असा.

"हुती गं बाई! आमच्या हिचीबी हुती. रगत न्हाई ते, गोळीचा रंग हाय. किती दिस झालं सोडून?"

वहिनी काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही.

आईने सोललेला लसूण ताटलीत टाकला, हात पदराला पुसले आणि ती तशीच अनवाणी गल्ली ओलांडून गेली. काकूंचं दार तिने ठोठावलं नाही, नुसतं ढकललं. आतून काकूंचा आवाज आला, "अगं, तू कशाला..." आणि मग दार लोटलं गेलं.

थोड्या वेळाने आतल्या खिडकीत आईची पाठ दिसली. तिने हात लांबवून खिडकी पूर्ण उघडली, वारा यावा म्हणून, आणि पडदा मात्र नीट ओढून घेतला.

मी मान फिरवली आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे बघत पडून राहिले.